कोकणातलं ऊन आणि आपल्या अंगातलं व्हिटॅमिन डी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या गावांतून दवाखान्यात येणारी माणसं जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं शक्य तितकी इथली घरं, इथलं जेवण आणि इथला पाऊस धरून दिली आहेत. औषध किती आणि किती दिवस घ्यायचं, ते मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आमच्याकडे वर्षातले आठ महिने ऊन भाजून काढतं. मग रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी कमी कसं येतं?

ऊन गावावर भरपूर पडतं, पण प्रश्न ते तुमच्या कातडीवर किती पडतं हा आहे. आपला दिवस कसा जातो ते आठवून बघा. घर कौलारू, पुढे ओटी, मागे पडवी, मधलं माजघर दिवसाही काळोखं. घराभोवती नारळी-पोफळीची वाडी, तिथे ऊन जमिनीपर्यंत ठिपक्याठिपक्यांनीच येतं. काजूच्या कारखान्यात बसून काम करणाऱ्या बायका सकाळी उन्हं चढायच्या आत आत जातात आणि संध्याकाळी बाहेर पडतात. दुकानदार, शिक्षक, बँकेतली माणसं, दहावी-बारावीची मुलं यांचंही तेच. बाहेर पडलं की बायका स्कार्फ आणि हातमोजे घालून स्कूटरवर बसतात. ज्याला आपण उन्हातान्हातलं काम म्हणतो, त्यातही माणूस अंग झाकूनच काम करतो, आणि गरमीचे दिवस असल्यामुळे ते बरोबरच आहे.

त्यात आपला रंग सावळा. कातडीतलं मेलॅनिन अतिनील किरण अडवतं, त्यामुळे गोऱ्या माणसाला जेवढा वेळ पुरतो त्याच्या कितीतरी पट वेळ आपल्याला लागतो. ‘पंधरा मिनिटं ऊन पुरे’ हा आकडा गोऱ्या कातडीच्या देशांतून आलेला आहे.

उन्हातून व्हिटॅमिन तयार होतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. उन्हातले ‘यूव्हीबी’ नावाचे अतिनील किरण त्याच्यावर पडले की त्याचं रूप बदलतं आणि शरीराच्या उष्णतेने त्याचं व्हिटॅमिन डी-३ होतं. ते रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याला साठवणीचं रूप मिळतं, आणि मग मूत्रपिंडात त्याचं काम करणारं रूप तयार होतं. म्हणून यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर नुसतं ऊन खाऊन भागत नाही.

हे काम करणारं रूप आतड्याला जेवणातलं कॅल्शियम आत ओढून घ्यायला लावतं. व्हिटॅमिन डी पुरेसं असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० ते ४० टक्के अंगी लागतं. नसेल तर १० ते १५ टक्क्यांवर अडतं. बाकीचं वाया जातं, आणि रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढायला लागतं.

युरोपात गिरणीच्या धुराने कोंदलेल्या शहरांत लहान मुलांची हाडं वाकायची. थिओबाल्ड पाम नावाच्या डॉक्टरने १८९० साली, व्हिटॅमिन हा शब्दसुद्धा नव्हता तेव्हा, जपान, चीन, हिंदुस्थान अशा देशांतून माहिती गोळा करून सांगितलं होतं की ऊन असेल तिथे मुडदूस कमी दिसतो. त्याच हिंदुस्थानातल्या किनाऱ्यावर आज आपण या कमतरतेबद्दल बोलतो आहोत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरतो. ते पुरतं ना?

मालीश चांगलं आहे, उब चांगली आहे, आजीच्या मांडीवरचा तो वेळ बाळासाठी मोलाचा आहे. पण व्हिटॅमिन डीपुरतं बोलायचं तर सकाळी सात-साडेसातच्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतंच. सूर्य खाली असतो तेव्हा किरणांना हवेचा फार जाड थर ओलांडावा लागतो आणि हे किरण वाटेतच अडतात. तेलातून व्हिटॅमिन डी अंगात जात नाही.

आणि उपाय म्हणून तान्ह्या बाळाला दुपारच्या उन्हात धरायचं नाही. त्याची कातडी नाजूक असते. आईच्या दुधात सगळं असतं, पण व्हिटॅमिन डी फार थोडं असतं. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे की प्रत्येक बाळाला जन्मापासून पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट थेंबांवाटे द्यावेत, अंगावर पिणाऱ्या बाळालाही. एक गोष्ट नीट बघा: बाजारात या थेंबांच्या वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात. एका बाटलीत ४०० युनिट एका मिलिलिटरमध्ये असतात, दुसरीत त्याच्या दुप्पट, तर काहींत एका थेंबातच. शेजारणीने सांगितलं म्हणून एक मिलिलिटर देऊ नका. बाटली डॉक्टरांना दाखवा आणि ड्रॉपरवर किती भरायचं ते त्यांच्याकडून खूण करून घ्या.

मग मोठ्या माणसांनी ऊन कधी घ्यायचं?

घड्याळापेक्षा सावलीवर विश्वास ठेवा. अंगणात उभे राहा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर त्या उन्हात यूव्हीबी चांगलं आहे. लांब असेल तर ते ऊन अंग शेकायला ठीक, व्हिटॅमिनसाठी फारसं उपयोगाचं नाही.

आपल्या किनाऱ्यावर हा हिशोब ऋतूप्रमाणे बदलतो, आणि तो समजून घेतला तर कोणालाही भर दुपारी उभं राहून चक्कर आणून घ्यायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये साडेनऊ वाजायच्या सुमारासच सावली आखूड होते. तेव्हा साडेनऊ-दहाला वाळवणं घालताना, कोकमं सुकवताना ऊन घेऊन मोकळं व्हा. मार्चमध्ये आणि पाऊस उघडल्यावर दहाच्या पुढे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उंचीपेक्षा आखूड राहते ती सव्वाअकरा ते पावणेदोनच्या आसपासच. थंडीतलं ते ऊन सोसवतंही, त्यामुळे घेण्यासारखं आहे. रत्नागिरीत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या पुढेमागे, कारण आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे.

किती वेळ? सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. हात, पाय, पाठ उघडी ठेवून आठवड्यातून तीन-चार दिवस वीस ते तीस मिनिटांपासून सुरुवात करा. फार सावळ्या आणि वयस्कर माणसांना जास्त लागतं. डोकं आणि चेहरा सावलीत ठेवून पाठ आणि पोटऱ्या उन्हात ठेवल्या तरी चालतं, कारण जितकी जास्त कातडी उघडी तितकं काम लवकर. कातडी लाल होईपर्यंत किंवा जळजळेपर्यंत थांबण्यात काही मिळत नाही. काही वेळाने तयार झालेलं व्हिटॅमिन ऊनच मोडू लागतं, म्हणून उन्हाने त्याची मात्रा जास्त होत नाही, पण उष्माघात मात्र होतो. मेमध्ये चक्कर, मळमळ, डोकेदुखी वाटली की ताबडतोब सावलीत या आणि पाणी प्या.

खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही. काच यूव्हीबी अडवते. ओटीवर घातलेल्या पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्याचंही तेच. गाडीत बसून मुंबई-गोवा महामार्गावर दिवसभर ऊन लागलं, याचा इथे उपयोग शून्य.

मी बुरखा वापरते. मला उन्हात अंग उघडं टाकणं शक्य नाही.

ते समजून घेऊनच सांगायला हवं. घराच्या मागचं कुंपण घातलेलं परसू किंवा गच्ची, जिथे फक्त घरच्या बायका असतात, तिथे कोपरापर्यंत हात आणि गुडघ्यापर्यंत पाय उघडे ठेवून बसता आलं तर उत्तम. दाभोळ, श्रीवर्धनकडच्या जुन्या घरांना असं परसू असतं. तशी जागा नसेल, फ्लॅटमध्ये राहत असाल, तर गोळी हाच सरळ मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ही गोष्ट आपणहून सांगा. आईकडे साठा नसेल तर बाळ जन्मताच रिकाम्या हाताने येतं.

पावसाळ्याचे चार महिने काय करायचं?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश भरलेलं असतं आणि ढग बरंच यूव्हीबी गिळतात. रक्तातलं साठवणीचं रूप दोन-तीन आठवड्यांत निम्मं होतं, त्याची भर चरबीतल्या साठ्यातून पडत राहते. म्हणजे मेपर्यंत साठा चांगला केलेला असेल तर पाऊस निभावतो. मुळात काठावर असलेला माणूस गणपतीपर्यंत खाली गेलेला असतो.

उघडीप सोडू नका. या दिवसांत सूर्य खूप वर असतो, ऑगस्टच्या सुरुवातीला तर रत्नागिरीवर थेट डोक्यावर येतो. श्रावणात दोन सरींच्या मधे अकरा-बाराला अर्धा तास ऊन पडलं तर ते थंडीतल्या उन्हापेक्षा जोरकस असतं. लावणीच्या दिवसांत शेतात असणाऱ्यांना ते आपसूक मिळतं, इरलं किंवा प्लॅस्टिक डोक्यावर नसेल तेव्हा.

आम्ही रोज मासे खातो. तरी कमी पडतं?

कुठले मासे खाता यावर ते आहे. व्हिटॅमिन डी चरबीत विरघळतं, म्हणून ते चरबीदार माशांत असतं. तारली, बांगडा, पेडवे हे खरे कामाचे. पांढऱ्या मांसाच्या, कमी चरबीच्या माशांत आणि कोळंबीत ते फार नसतं. घरात पाहुणे आले की पापलेट आणि सुरमई येते आणि तारलीला कमी लेखतात, हे मला पटत नाही. खिशाला परवडणारी तारली या बाबतीत पापलेटापेक्षा सरस आहे, आणि काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही देते.

तळताना व्हिटॅमिन डीचा काही भाग तेलात उतरतो. त्यापेक्षा तिरफळ घालून केलेलं बांगड्याचं तिखलं किंवा सार बरं, रसात उतरलेलंही पोटात जातं.

यांत्रिक बोटींची मासेमारी जून-जुलैत बंद असते, म्हणजे ढग आणि मासळीचा तुटवडा एकदमच येतात. सुके बांगडे त्या दिवसांत कामाला येतात, पण त्यांत मीठ खूप असतं. रक्तदाब असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी त्यावर भर देऊ नये.

आठवड्यातून दोन-तीनदा तारली-बांगडा खाणाऱ्याला चांगली मदत होते, पण मोठ्या माणसाची रोजची ६०० युनिटची गरज केवळ जेवणातून भागणं कठीण.

आम्ही शाकाहारी आहोत. नाचणीची भाकरी आणि दूध रोज असतं.

नाचणी उत्तम आहे, सोडू नका. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या जवळपासही नसतं. पण नाचणीत व्हिटॅमिन डी नाही. घरच्या गाई-म्हशीच्या दुधातही नगण्य. कॅल्शियम आलं तरी ते आत घेणारा नसेल तर उपयोग अर्धवटच.

पाकिटावर अधिकच्या चिन्हापुढे ‘एफ’ असं निळं बोधचिन्ह असलेल्या दुधात आणि खाद्यतेलात व्हिटॅमिन डी मिसळलेलं असतं. दुकानात बघून घ्या. अंडं चालत असेल तर पिवळा बलक टाकू नका. अळंबी उन्हात वाळवली की तिच्यात डी-२, म्हणजे व्हिटॅमिन डीचंच दुसरं रूप, तयार होतं. बाजारातली बटण अळंबी कापून दुपारी तास-दोन तास उन्हात ठेवून बघा. रानातली अळंबी मात्र ओळखीच्या जाणत्या माणसाशिवाय खाऊ नका, त्यात विषारी जाती असतात.

गोळीबद्दलही विचारलं जातं, म्हणून सांगते: बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही. कॅप्सूलचं वेष्टन जिलेटिनचं असू शकतं. ते नको असेल तर पावडर, चघळायची गोळी किंवा शैवाकापासून (दगडफूल त्यातलंच) केलेलं डी-३ मागा.

कमी आहे हे कळतं कसं?

पुष्कळदा कळतच नाही. फार कमी झालं की कंबर, मांड्या, नडग्या, बरगड्या अशा ठिकाणी खोल ठणका लागतो, हाड दाबलं की दुखतं. मांडीचे स्नायू कमजोर होतात. पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागणं, माडीचा जिना चढताना कठडा धरावा लागणं, बदकासारखं डुलत चालणं ही लक्षणं ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

मुलांत मनगटं जाड होणं, पाय बाहेरच्या बाजूला वाकणं, टाळू उशिरा भरणं, दात उशिरा येणं ही मुडदुसाची चिन्हं आहेत. तान्ह्या बाळाला कॅल्शियम घसरून झटकेही येऊ शकतात. झटका आला तर थेट दवाखाना.

केस गळणं, थकवा, उदास वाटणं यांची इतर अनेक कारणं असतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन न तपासता सगळं व्हिटॅमिन डीच्या नावावर टाकणं धोक्याचं आहे.

घरात सत्तरीची आजी आहे. तिची वेगळी काळजी घ्यावी का?

हो, आणि या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. सत्तरीतली कातडी तरुणपणाच्या निम्म्याहूनही कमी व्हिटॅमिन डी बनवते. आजी घराबाहेर पडत नाही, भूक कमी असते, मासळीचे काटे काढणं जमत नाही म्हणून ती डाळभातावर भागवते. पाळी गेल्यावर हाडं आधीच विरळ झालेली असतात. मांडीचे स्नायू कमजोर, आणि वर पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. पुष्कळ म्हातारी माणसं त्यानंतर पहिल्यासारखी चालत नाहीत.

म्हणून तिला सकाळी साडेदहाच्या सुमारास (थंडीत सव्वाअकरानंतर) खळ्यात खुर्ची टाकून द्या, डोक्यावर पदर, पाय उन्हात. डॉक्टरांना विचारून रोजच्या लहान मात्रेची गोळी सुरू करा. तिच्या ताटात काटे काढलेला बांगडा वाढा. आणि न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवरचं शेवाळ घासून काढा, दांडा बसवा, रात्री दिवा ठेवा. गोळी देऊन वाट तशीच निसरडी ठेवली तर हाड मोडायचं टळणार नाही.

‘वर्षातून एकदाच मोठा डोस देऊन टाका’ असं घरचे म्हणतात. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा तोंडावाटे ५ लाख युनिट दिले गेले होते. २०१० साली निष्कर्ष आले तेव्हा त्या बायका कमी नव्हे, जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती. थोडं आणि नेमाने, हेच बरं.

प्रत्येकाने रक्त तपासावं का? रिपोर्ट कसा वाचायचा?

धडधाकट माणसाने दरवर्षी तपासायची गरज नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२४ च्या सूचनांत निरोगी प्रौढांच्या सरसकट तपासणीला पाठिंबा दिलेला नाही. वर सांगितलेली लक्षणं, किरकोळ पडून मोडलेलं हाड, यकृत-मूत्रपिंडाचा आजार, फिट्स किंवा टीबीची औषधं, दीर्घकाळ स्टेरॉइड, आतड्याचा आजार यांपैकी काही असेल तर तपासा.

तपासणी ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ची करायची. उपाशी राहावं लागत नाही. एका मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता समजून उपचार करतात. २० ते ३० या पट्ट्याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. लॅबने तिथे लाल अक्षरात ‘अपुरं’ छापलं म्हणून घाबरून जाऊ नका. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर आकड्याला अडीचने भागा.

व्हिटॅमिन डी घेतलं की कॅन्सर, हृदयविकार टळतो असं ऐकलं.

अमेरिकेत २५,८७१ माणसांवर ‘व्हायटल’ नावाची मोठी चाचणी झाली. रोज २००० युनिट देऊनही कॅन्सर किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. २०२२ साली त्याच चाचणीतून दिसलं की ज्यांना मुळात कमतरता नाही, त्यांची हाडं मोडण्याचं प्रमाणही गोळीने घटत नाही. ज्याच्याकडे कमी आहे त्याचं भरून काढणं मोलाचं. पुरेसं असणाऱ्याने आणखी ओतून काही मिळत नाही.

मुतखडा झाला होता. गोळी चालेल?

डॉक्टरांना सांगून, कॅल्शियम तपासून. स्वतःहून कॅल्शियम आणि डी एकत्र सुरू करू नका.

व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एक घ्यायची होती, बाबांनी चुकून रोज घेतली. आता काय?

आधी ती बंद करा. राहिलेल्या पुड्या आणि रिकामी पाकिटं घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. किती घेतल्या ते नेमकं सांगा. कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते यावरून कळतं) आणि व्हिटॅमिन डीची पातळी तपासावी लागेल. सोबतच्या कॅल्शियमच्या गोळ्याही तोपर्यंत थांबवा. उलट्या, खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका, कारण वाढलेल्या कॅल्शियमने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, त्यामुळे पुडी बंद केल्यावरही त्याचा परिणाम काही आठवडे, कधी महिनेही राहतो. पहिला रिपोर्ट बरा आला तरी डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुन्हा तपासायला न्या. ज्यांना ही पुडी नव्याने लिहून दिली आहे त्यांनी घरी गेल्या गेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठरलेल्या वारांना गोल करून ठेवावा, आणि जेवणानंतर पुडी घेतली की त्या गोलावर काट मारावी.